नेमसर्व्हर बदला, पण साईट आणि मेल बंद न पाडता

डोमेन म्हणजे साईटचं नाव, आणि नेमसर्व्हर म्हणजे त्या नावाची साईट आणि मेल कुठे आहेत ते विचारणाऱ्याला सांगणारे सर्व्हर. ते बदलायचे म्हणजे दोन ओळी भरून 'सेव्ह' दाबायचं, एवढंच काम आहे असं समजून लोक ते उरकतात. साईट दिसत राहते, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग दोन-तीन दिवसांनी कुणीतरी ग्राहक फोन करून विचारतो, ''अहो, मेल पाठवला होता, उत्तर नाही आलं.'' चूक त्या दोन ओळींत फार क्वचित असते. आधीची तयारी केलेली नसते किंवा पायऱ्यांचा क्रम उलटा झालेला असतो, तिथे घोळ असतो.

एक कसोटी सुरुवातीलाच ठरवून घ्या. नेमसर्व्हर बदलले त्या दिवशी बाहेरच्या कुणालाही काहीच बदललेलं जाणवता कामा नये. साईट त्याच सर्व्हरवर, मेल त्याच पेटीत, फक्त पत्ता सांगणारा बदललेला. होस्टिंग, म्हणजे साईट ठेवलेली जागा, हलवायचं असेल तर ते नंतर, वेगळ्या दिवशी. दोन्ही एका दमात केलं की बिघाड नेमका कशामुळे झाला हे शोधणं कठीण होऊन बसतं.

आधी हे ठरवा: नेमसर्व्हर खरंच बदलायचे आहेत का?

तीन वेगळ्या कामांची गल्लत होते.

डोमेन ट्रान्सफर म्हणजे डोमेनची नोंदणी एका रजिस्ट्रारकडून (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्याकडे नेणं. त्याला ऑथ कोड, म्हणजे रजिस्ट्रारने द्यायचा गुप्त संकेत, लागतो, बऱ्याचदा काही दिवस जातात आणि एका वर्षाचं नूतनीकरणही त्यात धरलेलं असतं. नवं होस्टिंग घेतलं म्हणून ट्रान्सफर करायची गरज नसते.

नेमसर्व्हर बदल म्हणजे नोंदणी जिथे आहे तिथेच ठेवून डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगण्याच्या यंत्रणेचा, कारभार दुसऱ्याकडे सोपवणं. साईट, मेल, सबडोमेन ('मेल.उदाहरण.इन' यासारखी डोमेनच्या आधी शब्द जोडलेली नावं), पडताळणीच्या नोंदी असं सगळंच त्याबरोबर जातं.

रेकॉर्ड बदल, म्हणजे डीएनएसमधली एखादी नोंद बदलणं, हे सर्वांत छोटं काम. फक्त साईटचा सर्व्हर बदलला असेल तर आहे त्याच पॅनलमध्ये ए रेकॉर्डमधला आयपी पत्ता (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता) बदलला की झालं. शॉपिफायसारख्या ऑनलाइन दुकानाच्या सेवेलाही एक ए आणि एक सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारा) रेकॉर्ड पुरतो.

होस्टिंगवाले 'आमचे नेमसर्व्हर टाका' असं सरसकट सांगतात, कारण त्यांना ते सोपं पडतं. तुमचे मेल गूगल वर्कस्पेस किंवा झोहोवर असतील आणि होस्टिंगमध्ये फक्त वर्डप्रेस चालणार असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: नेमसर्व्हरला हात लावू नका, ए रेकॉर्ड बदला. क्लाउडफ्लेअर या डीएनएस आणि साईटची वाहतूक सांभाळणाऱ्या सेवेचा मोफत प्लॅन घ्यायचा असेल, किंवा सध्याचं डीएनएस पॅनलच कुचकामी असेल, तर मात्र पुढे वाचा.

टप्पा १: चाव्या कुणाकडे आहेत ते शोधा

इथे चार पक्ष असतात. रजिस्ट्री म्हणजे त्या शेपटाची सगळी डोमेन नोंदवून ठेवणारी संस्था (डॉट कॉमसाठी व्हेरिसाईन, डॉट इनसाठी निक्सी), रजिस्ट्रार म्हणजे ज्याच्याकडे तुम्ही पैसे भरता तो, डीएनएस सांभाळणारा, आणि होस्टिंग देणारा. शेवटचे तीन कधी एकच कंपनी असतात, कधी तीन वेगळ्या. नेमसर्व्हर फक्त रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये बदलतात. होस्टिंग सांभाळायच्या सीपॅनल या पॅनलमध्ये ती जागा शोधत बसू नका, ती तिथे नसते.

आपल्याकडे लहान दुकानं, क्लासेस, पतसंस्था यांचं डोमेन बहुधा साईट बनवून देणाऱ्याच्याच खात्यात असतं. मालकाकडे लॉगिन नसतं, आणि रजिस्ट्रारकडे नोंदवलेला ईमेलही त्या डेव्हलपरचाच असतो. हे आधी सोडवा. डोमेन तुमच्या नावाच्या खात्यात येत नाही तोवर पुढची एकही पायरी तुमच्या हातात नाही.

डॉट कॉम, डॉट ऑर्ग वगैरेंसाठी आयकॅनच्या (डोमेन व्यवस्था सांभाळणाऱ्या जागतिक संस्थेच्या) लुकअप पानावर आणि डॉट इनसाठी निक्सीच्या रजिस्ट्रीच्या व्हूइजवर (डोमेनची नोंद दाखवणाऱ्या पानावर) डोमेन टाकून चार गोष्टी लिहून घ्या: रजिस्ट्रारचं नाव, मुदत संपण्याची तारीख, सध्याचे नेमसर्व्हर आणि स्टेटस. जुने नेमसर्व्हर नीट जपून ठेवा, माघार घ्यायची वेळ आली तर तेच लागतील.

स्टेटसच्या शब्दांना घाबरू नका, पण वाचा. 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' असेल तर ते चोरीपासूनचं कुलूप आहे, नेमसर्व्हर बदलायला त्याची आडकाठी नाही. 'क्लायंट अपडेट प्रोहिबिटेड' असेल तर मात्र ते कुलूप काढल्याशिवाय बदल होणार नाही. 'क्लायंट होल्ड' दिसलं तर डोमेनच थांबवलेलं आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनमध्ये याचं एक नेहमीचं कारण म्हणजे नोंदणीनंतर आलेल्या ईमेल पडताळणीच्या मेलमधली लिंक १५ दिवसांत न दाबणं. होल्डवरच्या डोमेनचे नेमसर्व्हर कितीही वेळा बदला, साईट उघडणार नाही.

तपासा: मुदत महिन्याभरात संपत असेल तर आधी नूतनीकरण करा. मुदत संपली की अनेक रजिस्ट्रार नेमसर्व्हर स्वतःच्या पार्किंग पानाकडे (रिकाम्या डोमेनवर दाखवायच्या पानाकडे) वळवतात आणि तुम्ही आपल्याच कामात चूक शोधत बसता.

टप्पा २: जुन्या झोनची पूर्ण नक्कल

झोन म्हणजे एका डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची यादी. तिची नक्कल हा सर्वांत वेळखाऊ टप्पा, आणि लोक नेमका हाच टाळतात.

नवीन ठिकाणी 'तुमचे रेकॉर्ड आम्ही आपोआप शोधले' असं लिहून येतं. त्यावर विसंबू नका. बाहेरून कुणालाही तुमच्या डोमेनमधल्या सगळ्या नावांची यादी मागता येत नाही. डीएनएस फक्त विचारलेल्या नावाचं उत्तर देतं. म्हणून ही स्कॅनिंगची साधनं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मेल, एफटीपी अशी नेहमीची नावं विचारून बघतात, आणि ज्याचा अंदाज बांधता येत नाही ते निसटतं. 'बिलिंग', 'ईआरपी', 'निकाल' असली तुमची सबडोमेन त्यात सापडतीलच असं नाही. डीकिमचंही (मेलवरची सही तपासायच्या नोंदीचं) तेच, कारण त्याच्या नावातला सिलेक्टर, म्हणजे ओळखीचा शब्द, प्रत्येक सेवेचा वेगळा असतो.

तेव्हा जुन्या पॅनलमध्ये जा. झोन फाईल एक्स्पोर्ट करायची सोय असेल तर ती उतरवून घ्या. नसेल तर सगळे रेकॉर्ड एका शीटमध्ये हाताने उतरवा आणि वर पॅनलचे स्क्रीनशॉटही ठेवा. उतरवताना या गोष्टी शोधा:

ए आणि चार-ए. ए म्हणजे आयपीव्ही४ पत्ता, चार-ए म्हणजे आयपीव्ही६. चार-ए कडे कुणाचं लक्ष जात नाही. पुढे साईट हलवताना ए बदलला आणि चार-ए जुन्याच सर्व्हरकडे राहिला, की आयपीव्ही६ वापरणाऱ्या नेटवर्कवर जुनी साईट दिसत राहते. जिओच्या मोबाईलवर आयपीव्ही६ सर्रास चालतं. 'मोबाईलवर जुनी, ऑफिसच्या वायफायवर नवी' ही तक्रार आली की पहिला संशय इथे घ्या.

एमएक्स. मेल कुठे उतरायचे ते हे सांगतं. अग्रक्रमाचा आकडाही उतरवा. एमएक्सच्या समोर सर्व्हरचं नाव असतं, आयपी पत्ता चालत नाही. झोहो वापरत असाल तर डॉट इन आणि डॉट कॉम यांत घोळ घालू नका. भारतातल्या डेटा सेंटरवरच्या खात्यासाठी एमएक्स, एमएक्स२, एमएक्स३ हे झोहो डॉट इनचे असतात, अग्रक्रम अनुक्रमे १०, २० आणि ५०. इंटरनेटवरच्या कुठल्यातरी जुन्या लेखातून डॉट कॉमवाले उचलून टाकू नका.

टीएक्सटी. एसपीएफ (तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं त्याची यादी), डीकिम आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं त्याची सूचना) बहुधा यातच असतात. एसपीएफचा रेकॉर्ड एका नावाला एकच असावा. दोन झाले तर पडताळणी चुकीची धरली जाते. डीकिमची किल्ली लांबलचक असते आणि टीएक्सटीमधला एक तुकडा २५५ अक्षरांपुरताच चालतो, म्हणून ती अवतरण चिन्हांत तोडलेली दिसते. कॉपी करताना मधेच एखादं अक्षर गळालं तर मेल जातात, पण स्पॅममध्ये पडतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी लागतं, आणि दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्क. त्यामुळे इथली ढिलाई पूर्वीपेक्षा जास्त महाग पडते. गूगलचं सर्च कन्सोल, फेसबुक वगैरेंच्या पडताळणीच्या ओळीही टीएक्सटीमध्येच असतात. कचरा समजून त्या गाळू नका.

सीनेम, एसआरव्ही, सीएए. एसआरव्ही म्हणजे एखादी सेवा कुठल्या सर्व्हरवर चालते ते सांगणारी नोंद. सीएए म्हणजे तुमच्या डोमेनचं एसएसएल प्रमाणपत्र कोण देऊ शकतं याची यादी. नवं होस्टिंग लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रं वापरतं आणि सीएएमध्ये जुन्याच कंपनीचं नाव असेल, तर प्रमाणपत्र नाकारलं जाईल आणि कारण लवकर कळणार नाही.

थांबा: रजिस्ट्रारने दिलेल्या मोफत सोयी वापरता का ते बघा. ईमेल फॉरवर्डिंग, एका डोमेनवरून दुसऱ्यावर वळवणं, 'लवकरच येत आहोत' असं पान. या सोयी बहुधा रजिस्ट्रारच्याच डीएनएसवर चालतात. नेमसर्व्हर हलले की त्या गुपचूप बंद पडतात आणि झोनच्या नकलेत त्यांचा मागमूसही नसतो.

आणखी एक छुपं लचांड: वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनना चालणारं) प्रमाणपत्र डीएनएसमधून पडताळून घेतलं असेल तर त्याचं नूतनीकरण जुन्या डीएनएसच्या किल्लीवर आपोआप चालत असतं. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची प्रमाणपत्रं ९० दिवसांची. म्हणजे नेमसर्व्हर बदलल्यावर सगळं छान चालतं आणि काही आठवड्यांनी एका सकाळी ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणू लागतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे आत्ताच विचारा.

टप्पा ३: टीटीएल कमी करा

टीटीएल म्हणजे उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं याची सूचना. जुन्या पॅनलमध्ये सगळ्या महत्त्वाच्या रेकॉर्डचा टीटीएल ३०० करा. एनएस (नेमसर्व्हरची नावं सांगणाऱ्या) रेकॉर्डचा टीटीएल बदलता येत असेल तर तोही. मग जुना टीटीएल जेवढा होता निदान तेवढा वेळ थांबा. तो ८६४०० असेल तर पूर्ण एक दिवस. टीटीएल कमी करून लगेच दहा मिनिटांत नेमसर्व्हर बदलणाऱ्याला त्याचा काहीच फायदा होत नाही.

एक टीटीएल मात्र तुमच्या हातात नाही, तो रजिस्ट्रीकडचा. डॉट कॉममध्ये नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस. बदल सगळीकडे दिसायला सगळे जण जे '४८ तास' सांगतात ते बरंचसं इथून येतं.

टप्पा ४: डीएनएससेक आहे का? असेल तर आधी ते काढा

डीएनएससेक म्हणजे डीएनएसची उत्तरं खरी आहेत हे सहीने पटवणारी सोय. व्हूइजमध्ये किंवा रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये 'डीएस रेकॉर्ड' दिसतो का बघा. नसेल तर हा टप्पा सोडून पुढे जा.

असेल तर जुन्या डीएनएसची सही तपासायची किल्ली रजिस्ट्रीकडे नोंदलेली आहे. तुम्ही नेमसर्व्हर बदललेत तर नव्याकडची सही त्या किल्लीशी जुळणार नाही, आणि सही तपासणारे रिझॉल्व्हर (ब्राउझरच्या वतीने पत्ता विचारून आणणारे सर्व्हर) तुमचं डोमेन सरळ नाकारतील. गूगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि क्वाडनाईनचा ९.९.९.९ हे तिघेही सही तपासतात. सही न तपासणाऱ्या एखाद्या इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कवर साईट मात्र चालत राहते. म्हणून हा बिघाड फसवा: तुमच्याकडे चालतं, ग्राहकाकडे नाही.

क्रम असा. आधी रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड काढा. मग थांबा, डॉट कॉममध्ये डीएसचा टीटीएल ८६४०० सेकंद आहे, तेव्हा निदान एक दिवस, दोन दिवस थांबलात तर उत्तम. त्यानंतर नेमसर्व्हर बदला. जुन्या पॅनलमधलं सही करणं आधी बंद केलंत आणि डीएस तसाच राहिला, तर नेमसर्व्हरला हात लावण्याआधीच साईट पडेल.

(एका डीएनएसवरून दुसऱ्यावर सही चालू ठेवूनही जाता येतं. पण त्यासाठी दोन्हीकडच्या किल्ल्या एकमेकांच्या झोनमध्ये ठेवाव्या लागतात आणि बऱ्याच पॅनलमध्ये ती सोयच नसते. लहान साईटसाठी त्या भानगडीत पडू नये.)

टप्पा ५: नव्या ठिकाणी झोन उभा करा, आणि बदलण्याआधीच तपासा

नव्या सेवेत डोमेन जोडा. ते तुम्हाला दोन किंवा अधिक नेमसर्व्हरची नावं देतील. ही नावं त्याच खात्यातून घ्या. क्लाउडफ्लेअर नेमसर्व्हरची जोडी स्वतः नेमून देतं, मित्राच्या खात्यातली जोडी तुमच्या डोमेनला चालेलच असं नाही.

आता शीट समोर ठेवून एकेक रेकॉर्ड भरा. इथे चार चुका नेहमी होतात.

पहिली, नावाच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहिणं. बहुतेक पॅनल डोमेन स्वतःच जोडतात. तुम्ही 'मेल.उदाहरण.इन' लिहिलंत तर प्रत्यक्षात 'मेल.उदाहरण.इन.उदाहरण.इन' असा रेकॉर्ड तयार होऊ शकतो. नुसतं 'मेल' लिहा. मूळ डोमेनसाठी ॲटचं चिन्ह. सेव्ह केल्यावर पॅनल पूर्ण नाव काय दाखवतं ते वाचा.

दुसरी, मूळ डोमेनला सीनेम लावणं. मूळ डोमेनवर एनएस आणि एसओए (झोनची मूळ माहिती सांगणारा) हे रेकॉर्ड असतातच, आणि सीनेम दुसऱ्या कुठल्याही रेकॉर्डसोबत राहू शकत नाही. काही सेवा आतल्या आत त्याचा ए रेकॉर्ड करून देतात. तुमची देत नसेल तर ए वापरा.

तिसरी चूक सर्वांत महाग. होस्टिंग कंपनीचे नेमसर्व्हर घेतले की सीपॅनल एक तयार झोन बनवून ठेवतं, आणि त्यातला एमएक्स त्याच होस्टिंगकडे बोट दाखवतो. तुमचे मेल गूगलवर असले तरी त्याला ते माहीत नसतं. तुम्ही एमएक्स न बदलता नेमसर्व्हर फिरवलेत की सगळे मेल होस्टिंगच्या सर्व्हरवर जातात. तिथे ती पेटीच नसली तर पाठवणाऱ्याकडे परत जातात, आणि 'येईल ते ठेवून घे' अशी सेटिंग असली तर कुणालाही न कळता तिथेच साचतात. तयार एमएक्स काढा आणि स्वतःचे भरा. शिवाय सीपॅनलच्या 'ईमेल राउटिंग'मध्ये 'रिमोट मेल एक्स्चेंजर' निवडा. नाहीतर साईटवरच्या संपर्क फॉर्मचा मेल सर्व्हरच्या आतल्या आतच अडकतो, बाहेर एमएक्स बरोबर असूनसुद्धा.

चौथी, क्लाउडफ्लेअरवर सगळ्या ओळींचा ढग नारिंगी ठेवणं. नारिंगी म्हणजे वाहतूक त्यांच्यामार्फत जाणार, आणि ती वेबचीच. मेल, एफटीपी, एसएसएच यांच्या नावांना ढग करडाच हवा. मी तर म्हणेन, पहिले काही दिवस सगळेच करडे ठेवा. नेमसर्व्हर स्थिरावले की साईटचा ढग नारिंगी करा. तो करताना एसएसएलची सेटिंग बघा: तुमच्या सर्व्हरवर प्रमाणपत्र असून, आणि तो स्वतः सुरक्षित पत्त्याकडे वळवत असूनही 'फ्लेक्झिबल' ठेवलंत, तर साईट गोल गोल फिरत राहते आणि ब्राउझर 'खूप वेळा वळवलं' म्हणून हात टेकतो. तिथे 'फुल स्ट्रिक्ट' हवं.

तपासा: नेमसर्व्हर बदलण्याआधीच नव्या सर्व्हरला थेट प्रश्न विचारता येतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये असं टाइप करा, सगळं इंग्रजी अक्षरांत:

एनएसलुकअप -टाइप=एमएक्स तुमचं-डोमेन नव्या-नेमसर्व्हरचं-नाव

शेवटी नव्या नेमसर्व्हरचं नाव दिल्यामुळे उत्तर त्याच्याकडूनच येतं. एमएक्सच्या जागी ए, चार-ए, टीएक्सटी घालून शीटमधली प्रत्येक ओळ जुन्या आणि नव्या दोन्ही सर्व्हरना विचारा. उत्तरं तंतोतंत जुळली पाहिजेत. 'रिफ्यूज्ड' आलं तर नव्या ठिकाणी झोन तयारच झालेला नाही. जर्मनीच्या डॉट डीईसारख्या काही रजिस्ट्री नवे नेमसर्व्हर उत्तर देतात का हे स्वतः तपासूनच बदल स्वीकारतात. डॉट कॉममध्ये अशी तपासणी नाही. रिकाम्या नेमसर्व्हरकडे डोमेन वळवलंत तरी ती निमूट मान्य करते.

दोन्ही नव्या नेमसर्व्हरना वेगवेगळं विचारा. एकच तपासून समाधान मानू नका.

टप्पा ६: प्रत्यक्ष बदल

आठवड्याच्या सुरुवातीची सकाळ निवडा, जेव्हा सपोर्टला कुणीतरी फोन उचलेल. शुक्रवारची संध्याकाळ नको. दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना किंवा क्लासचे प्रवेश अर्ज भरले जात असताना तर अजिबात नको.

रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये डोमेन उघडा. गोडॅडीवर 'स्वतःचे नेमसर्व्हर वापरेन' या अर्थाचा पर्याय निवडावा लागतो, नेमचीपवर यादीतून 'कस्टम डीएनएस'. जुन्या सगळ्या ओळी काढा आणि नवे नेमसर्व्हर भरा.

थांबा: जुने दोन ठेवून खाली नवे दोन जोडू नका. 'पहिला चालला नाही तर दुसरा' असा त्यांच्यात क्रम नसतो. रिझॉल्व्हर त्यातल्या कुणालाही विचारतो. आज दोन्हीकडे रेकॉर्ड सारखे आहेत म्हणून निभावेल. उद्या तुम्ही नव्या पॅनलमध्ये काही बदललं की काहींना जुनं उत्तर मिळेल, काहींना नवं.

रकान्यात फक्त सर्व्हरचं नाव लिहा. पुढे एचटीटीपी नको, आयपी पत्ता नको, कॉपी करताना शेवटी आलेली रिकामी जागाही नको. पॅनल आयपी पत्ता मागतच असेल तर तुम्ही चुकून 'चाइल्ड नेमसर्व्हर'च्या पानावर आहात. ते पान स्वतःच्याच डोमेनच्या नावाने नेमसर्व्हर चालवणाऱ्यांसाठी, म्हणजे 'एनएस१.उदाहरण.इन' हाच 'उदाहरण.इन'चा नेमसर्व्हर असेल तेव्हा. तिथे रजिस्ट्रीकडे पत्ताही नोंदवावा लागतो, नाहीतर नाव शोधायला सर्व्हर हवा आणि सर्व्हर शोधायला नाव हवं, असा पेच पडतो. तुम्हाला याची गरज नाही. मागे या.

सेव्ह केल्यावर पान पुन्हा उघडून बघा. बरोबरची छोटी खूण दाबल्याशिवाय बदल नोंदला जात नाही असे पॅनल आहेत, आणि काही ठिकाणी ओटीपी किंवा मेलवर मंजुरी द्यावी लागते.

डॉट भारत डोमेन असेल तर रजिस्ट्रारकडे देवनागरी नाव दिसतं, पण होस्टिंगच्या अनेक पॅनलना ते समजत नाही. तिथे 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं त्याचं रूप टाका. ते रजिस्ट्रारच्या पानावर मिळतं. हाताने बनवायच्या फंदात पडू नका, कॉपी करा.

टप्पा ७: वाट बघण्याचे दिवस

तुमचा बदल जगभर कुणी पाठवत नाही. रजिस्ट्रीकडे तो लवकर पोचतो, बहुधा काही मिनिटांत. पण ज्या रिझॉल्व्हरनी जुनी नोंद जपून ठेवली आहे ते तिची मुदत संपेपर्यंत जुन्याच नेमसर्व्हरकडे जात राहतात. म्हणून या दिवसांत दोन्ही झोन जिवंत आणि सारखे हवेत. एखादा रेकॉर्ड बदलावाच लागला तर दोन्हीकडे बदला. खरं तर बदलूच नका.

लोक इथे अधीर होऊन काय करतात? तासाभराने नेमसर्व्हर परत जुने करतात, मग पुन्हा नवे. प्रत्येक फेरीत काही रिझॉल्व्हर ताजी नोंद पुढचे दोन दिवस धरून ठेवतात आणि गोंधळ वाढत जातो. तुमची दोन्हीकडची उत्तरं टप्पा ५ मध्ये जुळली असतील तर परत फिरायचं कारणच नाही.

जे नाव अजून तयार केलेलं नाही ते ब्राउझरमध्ये उघडून बघू नका. 'असं नाव नाही' हे उत्तरही जपून ठेवलं जातं, किती वेळ ते झोनच्या एसओए रेकॉर्डवर ठरतं. मग रेकॉर्ड तयार केल्यावरही तुम्हालाच तो काही काळ दिसत नाही.

तपासा: बाहेरच्या जीमेलवरून तुमच्या डोमेनच्या पत्त्यावर मेल पाठवा आणि तिथून उत्तर द्या. जीमेलमध्ये आलेल्या उत्तराचा मूळ मजकूर उघडणारा पर्याय मेन्यूत आहे. तिथे एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्हींसमोर 'पास' हवं. मग साईटवरचा संपर्क फॉर्म भरा. प्रत्येक सबडोमेन उघडा, वर्षातून एकदाच लागणारंसुद्धा. मोबाईल डेटावर एकदा आणि वायफायवर एकदा.

काही बिघडलं तर या क्रमाने बघा

आधी व्हूइजमध्ये नवे नेमसर्व्हर आले का? नसतील तर अडचण रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये आहे, पुढे काही तपासण्यात अर्थ नाही.

आले असतील तर नव्या नेमसर्व्हरला थेट विचारा. तिथे उत्तर चुकीचं असेल तर झोन दुरुस्त करा. बरोबर असेल तर ८.८.८.८ ला विचारा. 'सर्व्हफेल' (उत्तर देता आलं नाही) आलं तर पहिला संशय डीएनएससेकवर: रजिस्ट्रारकडे डीएस राहिलाय का बघा. डिग हे साधन असेल तर त्याच प्रश्नाला 'प्लस सीडी' जोडा, म्हणजे सही न तपासता उत्तर द्यायला सांगितलं जातं. तसं विचारल्यावर उत्तर आलं तर दोष डीएनएससेकचाच.

८.८.८.८ जुनं उत्तर देत असेल तर ती जपलेली नोंद आहे. गूगल आणि क्लाउडफ्लेअर दोघांचीही रिझॉल्व्हरमधली नोंद पुसायची सार्वजनिक पानं आहेत, तिथे डोमेन टाकून बघा. तुमच्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला मात्र तुम्ही घाई करू शकत नाही.

सगळीकडे बरोबर आणि फक्त तुमच्याच संगणकावर जुनं? विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग'ला 'फ्लशडीएनएस'चा पर्याय लावून चालवा, फोन विमान मोडमध्ये टाकून परत काढा. हे सर्वांत शेवटी करायचं. बरेच जण इथूनच सुरुवात करतात आणि ब्राउझरची कॅश पुसत अर्धा दिवस घालवतात.

आणि रेकॉर्ड बदलूनही काहीच फरक पडत नसेल तर तुम्ही कुठल्या पॅनलमध्ये आहात ते बघा. नेमसर्व्हर हलल्यावरही जुन्या रजिस्ट्रारचं डीएनएस पान तसंच दिसत राहतं, तिथे रेकॉर्ड भरताही येतात. पण आता ते कुणीच वाचत नाही.

टप्पा ८: आवराआवर

आठवडाभर काही करू नका. मग हा क्रम: नव्या झोनमधले टीटीएल ३०० वरून ३६०० किंवा जास्त करा. डीएनएससेक हवं असेल तर आधी नव्या डीएनएसमध्ये सही चालू करा, ती दिसू लागली की मगच त्यांनी दिलेला डीएस रजिस्ट्रारकडे भरा. काढतानाच्या बरोबर उलटा क्रम.

होस्टिंगही हलवायचं असेल तर आता. जुन्या-नव्या सर्व्हरवर साईट तयार ठेवा, टीटीएल पुन्हा ३०० करा, ए आणि चार-ए दोन्ही बदला. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ नसेल तर चार-ए काढून टाका.

जुनं खातं सर्वांत शेवटी बंद करायचं, आणि त्याआधी तिथल्या मेलपेट्या उघडून बघायच्या. बदलाच्या दिवसांत एखादा चुकार मेल तिथे उतरलेला असू शकतो. पेट्या होस्टिंगच्याच असतील तर त्यातला सगळा मेल आधी उतरवून घ्या, कारण खातं बंद झालं की पेटीही जाते. नव्या डीएनएसची झोन फाईल एक्स्पोर्ट करून रजिस्ट्रारच्या लॉगिनसोबत ठेवा, आणि ते लॉगिन डेव्हलपरच्या नव्हे तर संस्थेच्या ईमेलवर असू द्या. तो ईमेल मात्र याच डोमेनवरचा नको. डोमेन पडलं तर पासवर्ड बदलायचा मेलही येणार नाही.